उसवलेला मोजा

आत्या : वहिनी, खरं सांगा. तुम्ही आणलेला हा मोजा आपल्या चिमीने शिवलेला नाही.

आई : का? टाके सरळ आलेत म्हणून?

आत्या : अहो, आठ वर्षांच्या पोरीचा हात असा चालेल का? पाच दिवस याच टेबलावर जीभ बाहेर काढून शिवत होती. टाच इतकी वाकडी, की मी हसू दाबत होते. आणि हे बघा, मशीनचे टाके.

आई : मीच मारले. सकाळी तिच्या दप्तरातून काढला, दुकान उघडल्या उघडल्या सगळा उसवला आणि पुन्हा शिवला. गिऱ्हाइकाचा कोट बाजूला सारून.

आत्या : उद्या शाळेत नाताळच्या झाडावर टांगायचाय तो!

आई : म्हणूनच तर. सगळ्यांचे कपडे मी शिवते आणि माझ्याच पोरीच्या मोज्याची टाच वाकडी? लोक काय म्हणतील?

आत्या : एवढंच?

आई : एवढंच नाही.

आत्या : मग बोलून टाका. ती आत हाताचा डिंक धुतेय, लवकर काही निघायचा नाही.

आई : काल मोजा नाचवत घरी आली. म्हणते, आत्याने मला सुई धरायला शिकवली. सुई, वन्सं! तुम्ही कापसाचे हिममाणूस केलेत, पुठ्ठ्याच्या चांदण्या केल्यात, मी चकार शब्द काढला का? पण सुई माझी होती. ती पोटात होती तेव्हापासून ठरवलं होतं, हिचा पहिला टाका माझ्याजवळ बसून पडेल.

आत्या : तिने विचारलं होतं तुम्हाला. दोनदा. तुम्ही म्हणालात, आधी शाळेचे गणवेश उरकू देत.

आई : उरकतायत कुठे मेले! जळते मी, हो, जळते. शाळा सुटली की चार ते सात ती तुमची. माझ्या वाट्याला येते ती पेंगत, आणि पेंगता पेंगता तुमचंच पुराण लावते.

आत्या : आणि सातनंतर मी काय करते, विचारलंत कधी? कागदाचे कपटे गोळा करते आणि मोठ्याने टीव्ही लावून बसते. जळायचंच म्हटलं तर मलाही जमेल, वहिनी.

(चिमी ओले हात फ्रॉकला पुसत येते.)

चिमी : आत्या, तुझ्या हातात काय आहे? माझा मोजा? हा नाही माझा. टाच अशी नव्हती.

आत्या : चिमे, अगं...

चिमी : तू उसवलास! दप्तरातून काढून! मस्त झालाय म्हणाली होतीस ना? खोटारडी! आई, चल घरी. मी परत इथे येणारच नाही. तुझ्या दुकानात बसेन.

आई : दुकानात बसशील?

चिमी : रोज. कात्रीला हातसुद्धा लावणार नाही.

आत्या : न्या तिला, वहिनी. राग माझ्यावरच राहू दे. दोन दिवसांत विसरेल.

आई : ही? ही कसली विसरतेय, माझ्यावर गेलीय. चिमे, इकडे बघ. आत्याने नाही, मी उसवला.

चिमी : तू? का?

आई : वाकडा होता म्हणून. नाही, तेही खोटंच. तू आत्याकडून शिकलीस, ते मला बघवलं नाही.

चिमी : मोठी माणसं असं करतात?

आत्या : करतात गं बाई.

चिमी : कात्री दे, आत्या. सगळा उसवायचाय. मी आजच शिवणार.

आई : आण इकडे, मी उसवते झटकन.

चिमी : नको! तू इथे बस. हात मांडीवर ठेव.

आई : ठेवले. दोरा तरी ओवून देऊ?

चिमी : नाही.

आई : आणि बोटाला टोचलं तर?

चिमी : मी चोखीन. तू नुसतं बघ.