भाचीचं भाडं

सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी उमापुरात विजयसिंहांचा फोन वाजला. मेलबर्नहून तेजश्री बोलत होती, त्यांच्या धाकट्या बहिणीची, सत्यशीलेची मुलगी. विजयसिंह फोन घेऊन घरात गेले, रेंज गेली, तसे परत बाहेर आले. त्यांच्या घरी फोन लागतो तो ओट्याच्या उजव्या खांबापाशी, आणि त्या खांबाला टेकून बिभीषण चहा पीत होता. आणखी पाच जण बसले होते. एरवी ते स्पीकर लावून बोलतात. आज फोन कानाला दाबून धरला.

‘हॅलो?... हां, बोल माय. आता यायलाय आवाज... घरात गेलतो गं.’

‘कोण? हो, आलता ना फोन. नऊच्या सुमारास. बाई होती, हिंदी बोलत होती. घरं देणारी एजन्सी म्हणाली... सांगितलं की! लई चांगलं सांगितलं. पोरगी सोनं हाय म्हणालो.’

‘काय?... काय म्हणाली ती?... खोटी माहिती? कोणी दिली, तू?... अगं ऐक ना... हो, हो. बोल तू आधी.’

तेजश्री बोलत राहिली. मामा खांबावरचा निघालेला चुना नखानं काढत राहिले.

तिला तिथं जाऊन पाच आठवडे झाले होते. मातीच्या अभ्यासात एम.एस्सी. करायला गेली होती. ओळखीच्या मुलीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहत होती. नऊ ठिकाणी खोलीसाठी अर्ज केले, नऊ ठिकाणी एकच प्रश्न: याआधी कोणाकडे भाड्यानं राहिलात, त्या घरमालकाचा नंबर द्या. दहाव्या अर्जात तिनं मामांचा नंबर दिला. तीन वर्षं त्यांच्या बीडच्या घरात वरच्या खोलीत राहत होते, भाडं दर महिन्याला वेळेवर दिलं, असं लिहिलं. राहत होती हे खरं होतं. कोणी विचारलं तर फक्त हो म्हणा, असं तिनं मामांना पंधरा दिवसांपूर्वीच सांगून ठेवलं होतं.

‘सांगितलतंस. मी कुठं न्हाई म्हणतो? माझ्या पक्कं ध्यानात होतं.’

‘अगं पण फोन स्पीकरवर होता ना. ती मोठ्यानं विचारायली, तेजश्री से हर महीना किराया लेते थे क्या? इथं सगळा ओटा भरलेला. रामहरी, धर्मराज, हा बिभीषण... सगळे माझ्या तोंडाकडं बघायलेत. सख्ख्या बहिणीची पोर, अन् चारचौघांत मी म्हणू, हां जी, लेता था?’

‘काय म्हणालो म्हणजे... म्हणालो, भांजी से कोई किराया लेता है क्या? हमारे में नहीं होता.’

‘मग ती गप झाली. मला वाटलं, पटलं तिला.’

‘तू गप रे, बरोबर बोललो का चूक ते मी बघतो... तुला न्हाई माय, बिभीषणला म्हणालो.’

‘रडायलीस का?... मग आवाज असा कावून येतोय?... वारं? बाहेर कावून उभी हायेस? आत जा ना एजन्सीच्या ऑफिसात... आत जाऊन आलीस. बरं.’

‘मी पत्र देतो. लेटरपॅडवर, पंचायत समितीचे सभापती... माजी, हां, माजी. शिक्का मारतो... चालत न्हाई? बँकेत दिसायला पायजे? बँकेत काय दिसणार गं? तुझी आई गहू पाठवायची, तुरीची डाळ पाठवायची. ते बँकेत कसं दिसणार?’

‘धर्मराजचा साडू हाय की तिकडं! त्याला... काय रे धर्मा?... कॅनडा. कॅनडात हाय तो. ऱ्हाऊ दे.’

तासाभरापूर्वी याच खांबापाशी उभं राहून त्यांनी एका फोनवर बिभीषणच्या वस्तीचा जळालेला विजेचा डीपी बदलायला लावला होता. गेवराईहून वीजवाल्यांची गाडी निघालीसुद्धा होती.

‘जेवलीस का?... ब्रेड? अन् पीठ नेलतं ते?... भाकरी भाजली की घंटा वाजते? कशाची, धुराची?... तव्याच्या धुरानं? दोनदा? अन् तेवढ्यावरून खोलीतल्या पोरी खोली सोड म्हणाल्या? भाकरीवरून?... उद्याच?’

‘अन् उद्या रात्री कुठं झोपणार?... बघू म्हणजे काय गं? बघू काय?’

‘हो, हो. नीट ऐकतो. सांग.’

‘कोण, त्या ऑफिसातला साहेब? तो स्वतः करणार फोन? मलाच?... तू हातापाया पडलीस त्याच्या... बरं, बरं, विनंती केलीस. कधी?... तुमच्या पाचच्या आत. म्हणजे आमच्या साडेअकराच्या आत. न्हाई पटलं तर खोली दुसऱ्याला.’

‘मग काय सांगू? आता घेत होतो म्हणालो तर दोनदा दोन गोष्टी... हां.’

‘गहू?’

‘गहू भाड्यात धरायचा?’

विजयसिंहांनी आवाज खाली आणला. ओट्यावरच्या कपबश्यांचा आवाजही थांबला.

‘ते भाडं नव्हतं गं. तुझ्या आईनं भावाच्या घरी पाठवलेला गहू हाय तो. दिवाळीला मी तिला साडी घेतो, ती काय मग... न्हाई, तुझं कळतंय मला. खोटं न्हाई बोलायचं, फक्त धरायचं. कळतंय. पण सत्यशीलेच्या कानावर गेलं, की भावानं माझा गहू भाडं म्हणून घेतला... जातं गं. इथून कशाला, आत्ता बसलेल्यांतूनच जातं.’

‘कसे उठवू? चहा हातात हाय त्यांच्या. घरी आलेल्या माणसाला ऊठ म्हणू?... घरात रेंज न्हाई ना, माय!’

‘तेजू?... तेजू, बोल की.’

‘मी न्हाई म्हणालो न्हाई अजून. ऐक तर...’

‘थांब. थांब थांब, मधीच दुसरा यायलाय. लांबलचक नंबर हाय, एकसष्टनं सुरू... तोच! सकाळचाच! तेजू, किती सांगू? किती पोती? वर्षाला दोन का महिन्याला... हॅलो? हॅलो?’

तेजश्रीचा फोन तुटला होता. दुसरा वाजत होता.

विजयसिंहांनी ओट्याकडं पाहिलं. कोणी उठलं नाही. आतून मोहिनीमामी दारात येऊन उभ्या राहिल्या. फोन पाचव्यांदा वाजला तेव्हा मामांनी बिभीषणच्या खांद्यावरून हात नेऊन खांब धरला, सगळ्यांकडं पाठ केली आणि हिरवं बटण दाबलं.

‘हां जी... जी, मैं ही बोल रहा हूँ... जी हाँ. उसका मामा.’

दहा वाजून चौतीस मिनिटं झाली होती. तोवर त्यांनी एवढंच सांगितलं होतं.