खिरीतलं जायफळ

तुम्हाला म्हणून सांगतो, घरी संध्याकाळचा स्वयंपाक मी करतो हे मी अण्णांपासून, म्हणजे माझ्या वडिलांपासून, तीन वर्षं लपवलं होतं. माझ्या बायकोला, सुजाताला, मटण चालत नाही आणि गोडाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. त्यामुळं आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये रोज भाजी-आमटी आणि काहीतरी गोड ठरलेलं.

एका रविवारी संध्याकाळी अण्णा गावाहून, मुरगूडहून, न सांगता आले. माझा अख्खा मसूर आणि शेवयांची खीर नुकतीच तयार झाली होती. सुजातानं घाईघाईनं वाढायला घेतलं. रविवार असून मटण नाही म्हटल्यावर अण्णांचं तोंड उतरलं, पण खिरीची दुसरी वाटी त्यांनी मागून घेतली.

"खीर झकास झालीया. जायफळ किती घातलंस गं?"

सुजातानं जन्मात खीर केली नव्हती. ती बेधडक म्हणाली, "दोन."

अण्णांचा चमचा थांबला. "दोन? दोन जायफळं खाऊन म्हैस झोपंल की."

ती माझ्याकडं बघायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "चिमूटभर, अण्णा. किसून."

अण्णांनी वाटी संपवली, हात धुतला आणि मला गॅलरीत बोलावलं. आता ऐकून घ्यायचं, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो.

त्यांनी आत बघून आवाज बारीक केला. "तुझी आई माहेरला गेली की मी चार दिवस चिरमुऱ्यावर काढतो. मला बी शिकीव. पर मुरगुडात बोलू नगंस."