‘डाळ’ऐवजी ‘दार’ वाचावे

माझा गाव नवेगाव बांधाच्या अलीकडं, जात पोवार, घरी पोवारी, शेजारी झाडी, बजारात हिंदी, आनि शारा म्हनाल तं चौथी, तेही मास्तरानं ढकलला म्हनून. मंग फौजेत लागलो, रसोड्यात. बावीस वर्स मी दार शिजवलो जी. दार म्हनजे तुमची डाळ. काय सांगू तुमाले, आमा झाडीच्या लोकायच्या जिभेवर तो ळ बसतच नाई, र होऊनच बाहेर पडते, म्हनून खायाची ते बी दार आनि घराले असते ते बी दार. फौजेत सारे हासत. हासू द्या. माझ्या हातचं खाल्ल्यावर ताटात कोनी शीत ठेवला नाई.

त्याच नोकरीत आसमानी टोपी घालून परदेशात गेलो, शांतिसेनेत. देशाचं नाव कायले घ्या. तिथं दोन गटायचं भांडन, आनि आमी मधात, शांती ठेवाले. रसोड्याच्या मागं लोखंडाचं दार होतं, तिथून मी गावच्या लोकायले उरलंसुरलं देत जावो, एक बाई होती, ती रोज डबा आने, तिची भाषा मले नाई समजे आनि माझी तिले. एक दिवस भर दुपारी बजाराकडं बंदुका सुरू झाल्या, लोकं धावत निंगाले ते सीधे माझ्याच दाराकडं आले, रोजची सवय होती ना त्यायची. मी दार लावलो. कडी घातलो आनि पाठ टेकवून उभा राहिलो. बाहेरून हात आपटून राहिले होते, मंग बंद झाले. मंग साहेबाचा हुकूम आला, दार लावा. ते तं लागलंच होतं.

त्यातले किती वाचले मले माहीत नाई. चार महिने आनखी होतो तिथं, कोनाले विचारलो नाई. ती बाई डबा घेऊन मंग नाई आली.

आता मागच्या वर्सी गोंदियाचा पेपरवाला आला, राजेश नावाचा, म्हने दादाजी, आपके टाइम की कोई बात बताओ. कोनी कधी विचारलंच नोतं, म्हनून सांगलो, लोकं भुकेले, घाबरलेले, माझ्याकडं धावत आले, आनि मी दार लावलो. येवढंच बोललो, पुढं बोलवलं नाई. त्यानं लिवून घेतलं. आठ दिवसानं पानठेल्यावर सरपंच मोठ्यानं वाचून राहिला, ‘गोळीबारातही भुकेल्यांसाठी डाळ शिजवणारा जवान’. त्या राजेशनं माझी बोली सुधारली होती. आनि मी काय केलो? चूप बसलो. लोकं राम राम करत, मी मान हालवो. सहा महिने हालवलो, खोटं कायले बोलू, गोड वाटे.

मंग सरपंच म्हने, दादाजी, शारेत जिथं पोट्ट्यायची खिचडी शिजते तिथं तुमचा फोटो लावतो. तवा मात्र उठलो. सकारच्या गाडीनं गोंदिया गाठलो. राजेशले म्हनलो, दुरुस्त कर. तो म्हने, अच्छी बात छपी है दादाजी, काहे बिगाड़ते हो, और दार तो आप ही बोले थे ना. मी म्हनलो, होव, बोललो, पन तुले काऊन नाई वाटलं का एकदा विचाराव? तो खाली पाहे. मंग हरूच म्हने, सच बोलूँ, शक तो आया था मुझे, पर दाल ज्यादा अच्छी लगी. मी म्हनलो, हेच छाप ना मंग, तुझं बी छाप, माझं बी छाप. म्हने, नौकरी जाएगी दादाजी. मी बी खुर्चीवरून उठलो नाई, चहा दिला तं पिला नाई, संध्याकारपर्यंत बसलो.

छापलं त्यायनं. जाहिरातीच्या खाली, मुंगीयेवढं. शुद्धिपत्र, ‘डाळ’ऐवजी ‘दार’ वाचावे. बस. कोनाले काय समजन जी?

मंग सरपंचाले तोंडानं सांगलो तं तो म्हने, अगा हुकूम असन, फौज हाय ते. घरची बुडी म्हने, तुमी नाई लावते तं दुसऱ्यानं लावलं असतं, आता जेवा. जो तो मले सोडवालेच बसला होता. मंग शारेच्या मॅडम आल्या, कोनता फोटो देता म्हनून. त्यायले ओसरीवर बसवलो आनि सारं सांगलो, हुकुमाच्या आधी लावलो हे बी. त्यायनं चहा संपवला, कप खाली ठेवला, आनि म्हनाल्या, मग आजोबा, नाही लावत फोटो.

काय सांगू तुमाले, तेच पाहिजे होतं मले, त्याचसाठी येवढा बोंबललो, आनि मॅडम गेल्या तं मनात आलं, त्यायनं एकदा तरी, राहू द्या तो फोटो, म्हनाचं होतं. हे बी लिवा. आनि माझी बोली नका सुधारू.

आता मी रोज शारेसमोरून जातो. पोट्टे खिचडी खाऊन राहिले असतात, खावोत बापा, मोठे होवोत. ती भिंत कोरी हाय. पाहून बरं वाटते का म्हनाल तं नाई. वाईट बी नाई वाटत. पाहतो आनि पुढं जातो.