इंग्रिडच्या सहा बांगड्या

त्या बांगड्या इंग्रिडच्या हातातून कशा निघाल्या, हे मी पाहिलेले नाही. ते आधीच सांगून ठेवते. ती स्वीडनहून दोन वर्षांसाठी आमच्या पिंपरीच्या औषध कारखान्यात आली होती आणि प्रयोगशाळेत आमची टेबले शेजारी होती. एका रविवारी आम्ही दोघी गाडीने पुण्याला गेलो, तुळशीबाग पालथी घातली, आणि तिने हौसेने हिरव्या काचेच्या सहा बांगड्या भरल्या. कासाराने त्या इतक्या घट्ट चढवल्या की तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"उद्या काढाव्या लागतील," ती म्हणाली. औषध भरण्याच्या खोलीत हातात काही घालून कोणालाही प्रवेश नसे.

"ह्या आता निघायच्या न्हाईत, ताई, फोडाव्याच लागतील," मी हे मराठीत सांगताच कासार मला म्हणाला. "पण मालक प्रवासात असले तर फोडू नका म्हणावं बाईंना."

मी शब्दशः भाषांतर केले. तिचा नवरा तिला भेटायला त्याच आठवड्यात बोटीने निघाला होता.

परतताना मी तिला समजावले, "अगं, काचेचा आणि बोटीचा संबंध काय?"

"काहीच नाही," ती हात पुढे करून म्हणाली. "मग तूच फोड."

मी फोडल्या नाहीत.

सोमवारी ती मोकळ्या हातांनी आली. रुमालात सहाही बांगड्या अखंड होत्या. "साबण," एवढेच ती म्हणाली.

माझा हात तिच्यापेक्षा लहान आहे. साबण लावून त्यांतली एक मी चढवून पाहिली. ती अंगठ्याच्या सांध्यापुढे सरकली नाही.