लक्ष देऊन ऐकते

मंडळी, आज एकच विचारतो. मोजलं म्हणजे कळलं का हो? पोराला ब श्रेणी मिळाली, बरं झालं! पण ते पोर तुम्हाला कळलं का? बोला की! मागचे झोपले वाटतं!

ऐका मग. बेलखेडं नावाचं गाव. तिथल्या शाळेत ढवण गुरुजी. माणूस देवासारखा! पोरांची शेंबडी नाकं स्वतःच्या रुमालानं पुसणारा. पण मागं काय लागलं? चाचण्या! सोमवारी चाचणी, गुरुवारी चाचणी, वर ते गुण मोबाईलवर भरा. गावात रेंज कुठली? गुरुजी पाण्याच्या टाकीवर चढायचे! हसू नका — खाली वर्गात पोरं वाट बघत बसायची.

त्यात प्रगतिपुस्तकात प्रत्येक पोराबद्दल एक ओळ लिहायची. दरवेळी नवीन काय लिहिणार? बाजारात तयार ओळींचं पुस्तक मिळतं, त्यातून उतरवायचं. तिसरीतल्या कावेरीच्या वाट्याला ओळ आली — 'सूचना लक्ष देऊन ऐकते.'

खोटं तरी कसं वाटावं? पोरगी हूं की चूं करायची नाही. फळ्यावरचं बघून चाचणीत पास व्हायची, आणि टक लावून गुरुजींच्या तोंडाकडं बघायची!

अहो, ती ओठ बघत होती! तिचे कान कधीपासून वाहत होते. हळूहळू ऐकूच येईनासं झालं होतं.

घरी तिची आई, जनाक्का. हाक मारायची, "कावेरे, पाणी आण!" पोरगी ढिम्म. "अगं ए!" तरी ढिम्म. जनाक्का शेजारणीला म्हणायची, "शाळेत लक्ष देऊन ऐकती म्हणं! मग आईचंच का ऐकू नये?" आणि पाठीत धपाटा! रोज, मंडळी. रोज मार खाल्ला त्या लेकरानं.

एक दिवस कानातून रक्त आलं, तेव्हा तालुक्याला नेली. डॉक्टर म्हणाले, "बाई, दोन्ही पडदे गेले, आतली हाडंही झिजलीत. वेळेवर आणली असती तर पुष्कळ वाचलं असतं."

गुरुजींना कळलं. धावत आले, दारातूनच म्हणाले, "जनाक्का, ती ओळ मी तिच्याकडं बघून लिहिली नव्हती."

"तुम्ही लिहिलं, गुरुजी. पण मारलं मी." आणि लेकीच्या कानाशी तोंड नेऊन ती माउली ओरडली, "कावेरे, मी मारायची तवा काय वाटायचं गं तुला?"

पोरगी म्हणाली, "तू का मारतीस, ते मला ऐकू यायचं नाही."

 

मग ढवण गुरुजी साहेबांशी भांडले. "चाचण्या कमी करा, मला पोरं बघू द्या!" आता रोज दोघा-तिघांना जवळ बसवतात, वाचायला लावतात, ऐकतात, आणि जे दिसलं तेवढंच लिहितात. झेपेल इतकंच, पण वर्षभर. चांगलं झालं! पण कावेरीला त्याचा काय उपयोग?

जनाक्काला मी म्हटलं, "माउली, कीर्तनाला या." ती म्हणाली, "महाराज, लेकीला ऐकू येत नाही, ते मी एकटीनं कसं ऐकू?"

तुम्हाला येतंय ना ऐकू? मग उद्या शाळेत जाऊन 'किती मार्क पडले' विचारू नका. 'गुरुजी, माझं पोर तुम्हाला कसं दिसतं?' असं विचारा. आणि घरी पोरानं हाकेला ओ दिली नाही, तर हात उचलायच्या आधी त्याच्या जवळ जाऊन बसा.