ज्याला पुस्तक तोंडपाठ होतं

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी जरा पुढं सरका. देवळाच्या खांबाला टेकलेल्यांवर माझं लक्ष आहे — डुलकी लागली तर नाव घेऊन उठवीन!

आज एकच प्रश्न घेऊन आलोय. एखाद्याला एखादी कथा जिवापाड आवडते. इतकी, की तिच्यातला काना-मात्रा हललेला खपत नाही. आता मला सांगा — हा माणूस त्या कथेवर प्रेम करतोय, की नुसता पहारा देतोय? माना नका हलवू. ऐका!

जयसिंगपूरचा एक गृहस्थ. सुकुमार तेरदाळे त्याचं नाव. नोकरी पुण्यात, कारखान्यात ड्राफ्ट्समन. लग्न केलं नाही. छंद एकच — सिनेमा! कसला? आकाशात उडणारे महावीर, विजारीवरून चड्डी घालतात ते! हसताय काय? तुमची नातवंडं तेच बघतात! परग्रहावरचे प्राणी, आग ओकणारे सर्प, जादूगार — सगळं. त्यातही पुस्तकावरून काढलेला सिनेमा असला, की आधी पुस्तक वाचायचं, मग सिनेमा बघायचा, आणि मग — चिडायचं!

"पुस्तकात तो वीर मुखवटा कधीच काढत नाही. इथं सारखा काढतोय! का? तर नटाचं थोबाड दिसायला पाहिजे!" "अहो, अवकाशात हवा नाही, मग स्फोटाचा आवाज आला कुठून?" "पुस्तकात त्या सर्पाला दोन पाय, यांनी चार लावले!"

आता दोन पाय वाढले म्हणून कुणाचं काय बिघडलं? मीसुद्धा गेलो होतो हो एकदा, जावयानं नेलं. डोळ्यांवर काळा चष्मा. समुद्र असा अंगावर आला, की मी धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलं! जावई म्हणतो, "मामा, सोडा खाली, लोक बघतायत." मला बुवा तो सिनेमा फार आवडला. सुकुमार शेजारी असता तर त्यानं मला ते सुख लाभू दिलं नसतं.

तसंच त्यानं केलं — बालमित्राच्या बाबतीत! बाळगोंडा मगदूम. गावाकडं पिठाची गिरणी चालवायचा. एकदा पुण्याला आला, दोघं सिनेमाला गेले. वीरानं पडणारा पूल हातावर तोलला आणि बाळगोंडानं मारली शिट्टी! सुकुमार म्हणाला, "बाळ्या, तुला अक्कल नाही. पुस्तकात पूल नाहीच!" सिनेमा संपताच बाळगोंडानं गावची गाडी धरली. पुन्हा पुण्याला आला नाही. फोन करायचा अधूनमधून, सुकुमारनं उचलला नाही. हळूहळू तोही बंद पडला.

फोनवरच्या सिनेमावाल्यांच्या गटातूनही लोकांनी याला काढलं. मग एकटाच जायचा. मध्यंतरात सगळे शेजारच्याशी बोलतात, हा हातातल्या सामोशाकडं बघत बसायचा. मनात मतं तुडुंब, आणि ऐकायला माणूस नाही. मंडळी, फार वाईट असतं हो ते.

आणि एक दिवस — जाहिरात झळकली! लहानपणीच्या त्याच्या सर्वांत लाडक्या पुस्तकावर सिनेमा! 'शनीपल्याडचा मुक्काम'. तारक नावाचा यात्री, यान बिघडतं, शनीच्या पलीकडं एकटा अडकतो. पुस्तक कधीच बाजारातून गेलेलं. पण याला त्याची गरज काय? तोंडपाठ! रिकाम्या घरात येताना कुलूप उघडून हा मनात म्हणायचा — तारकाकडं शेवटी कुणीतरी आलं, आपल्याकडंही येईल. त्या एका शेवटावर हा माणूस जगत होता हो!

सिनेमा सुरू झाला. यान बरोबर, पोशाख बरोबर, हा माणूस पहिल्यांदा खूश! शेवट आला. यानातला एकेक दिवा विझत गेला. शेवटचा विझला. पडदा काळा. संपलं!

सुकुमार ताडकन उठला. "खोटं! शेवट बदललाय! तिथं दारावर थाप पडते!"

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, खाली बसा."

बाहेर दुकानात सिनेमामुळं पुस्तकाची नवी आवृत्ती आली होती. आता दाखवतोच एकेकाला! घेतलं, शेवटचं पान उघडलं. दिवा विझला. तारक एकटा होता. पुस्तक संपलं.

थाप नव्हती, मंडळी! पुस्तकात थाप नव्हतीच!

मग ऐकली कुठं? तिथंच उभ्या उभ्या त्याला आठवलं. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या. खोलीत कुणाला येऊ देत नव्हते. बाळगोंडा खिडकीच्या गजांबाहेर उभा राहून पुस्तक वाचून दाखवायचा. बाकीचं पुस्तक यानं वाचून वाचून पाठ केलेलं, पण शेवटचं प्रकरण डोळ्यांनी कधी वाचलंच नव्हतं, आणि पुढं पुस्तक पुन्हा हाती लागलं नाही! आत एकटं पडलेलं पोर बघून बाळगोंडानं पुस्तक मिटलं, आणि शेवट पदरचा सांगितला. ज्याला हा अक्कल नाही म्हणाला — त्यानं!

सुकुमार गावी गेला. गिरणीच्या दारात उभा राहिला. पिठानं भुरकट झालेला बाळगोंडा आतून ओरडला, "कोन? सुक्या? आलास व्हय रं!"

"बाळ्या, ते शनीचं पुस्तक आठवतं का?"

"कसलं पुस्तक? कांजिण्या आठवत्यात. तुझ्यापायी मलाबी झाल्या की!"

ज्यानं शेवट रचला, त्यालाच तो आठवेना. म्हणजे जगात तो शेवट आता याच्या एकट्याजवळ! तो परत फिरणार, तेवढ्यात बाळगोंडानं गिरणी बंद केली. बायका डबे घेऊन ताटकळलेल्या, त्या ओरडल्या. "थांबा वाईच," तो म्हणाला, "सांग, काय सांगितलं हुतं मी?"

सुकुमार सांगू लागला, "सगळे दिवे विझले. तारक अंधारात बसलाय. आणि बाहेरून दारावर थाप पडली. कुणीतरी विचारलं — आहेस का रे आत?"

बायकांनीसुद्धा डबे खाली ठेवले. बाळगोंडानं त्याच्याकडं बघितलं. "आन् मग? उघडलं का न्हाई त्यानं दार?"

सुकुमार मटकन पिठाच्या पोत्यावर बसला आणि रडला. "नाही रे बाळ्या," म्हणाला, "तू इतके फोन केलेस. मी एकदाही उघडलं नाही."

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो! आज घरी जाऊन म्हणाल, बुवांनी आख्यान चांगलं रंगवलं, पण अमुक ठिकाणी चुकलं. म्हणा! पण तुम्हाला पहिली कथा कुणी सांगितली? तुमच्यासाठी तिचा शेवट कुणी गोड केला? बहीण असेल, मास्तर असेल, भांडून बसलेला चुलता असेल. आत्ता ज्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला ना — तोच! मग माझ्याकडं काय बघत बसलाय? देव कुठं पळून जात नाही. मी आरती सावकाश घेतो, तोवर बाहेर जाऊन त्याला फोन लावून या.