पाठीची शाळा

नाई भाऊ, पुंजाराममहाराज इथी नाई राहत आता — घर त्याचंच आहे, तुमाले ज्यानं सांगतलं त्यानं बरोबर सांगतलं, पण तो अकोल्याले गेला, तठी आगगाडीचं ठेसन झालं तेव्हाचा. नवी आवारं झाली नं कापसाची, तठीच बसते म्हणे, लोक पाया पडते. मी? मी जयवंता, त्याची बायको. मालकाचं नाव घेऊ नये बाईनं, पण आता पुढं महाराज लागलं तं घेता येते, तेवढी एक सोय झाली. बसा, पाणी देते. हमाली करता नं तुमी? — दिसते, खांद्याले घट्टा आहे अन् कमरेवरचा हात काही खाली येऊन नाई राहिला. हिवरखेडचे म्हणता? लांबून आले पोटासाठी.

आले तं ऐकूनच जा. लोकाइनं सांगतलं असन, महाराजानं शिकवलं का मोडलेला माणूस सरका, ताठ होते. खोटं नाई ते. तेच तं दुखणं आहे — खोटं असतं तं मी केव्हाचीच हसून मोकळी झाली असती. तोही हमालच होता, इथीच, परकोटाबाहेरच्या आवारात. तिकडं समुद्रापार गोऱ्याइची आपसात लढाई लागली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, अन् आपल्या वऱ्हाडातल्या बोंडाले सोन्याचा भाव आला. गाड्यामागं गाड्या, आवारात पाय ठेवाले जागा नाई — अन् त्या दाबल्या कापसाच्या गाठी गाडीवर चढवाच्या कोणाच्या पाठीवरून? याच्याच. एका हंगामात असा वाकला का जेवाले बसाले भिंत लागे, उठाले मी लागो.

मंग एक जोगी आला, नाथपंथी, पावसाळाभर मारुतीच्या पारावर राहिला. त्यानं अंगारा नाई देल्ला, ताईत नाई देल्ला. याले जमिनीवर पालथं पाडलं अन् म्हणे छाती उचल सापावाणी — हातानं नाई, पाठीनं उचल. मंग हातागुडघ्यावर हो अन् मांजरीवाणी पाठ वर कर, खाली सोड, श्वासाच्या संगं. म्हणे कणा काही काठी नोहे, मण्याइची माळ आहे, मणी हलले पाहिजे. मी चुलीपासून पाहो, हसू ये मले. पण दिवाळीपर्यंत माणूस उभा झाला नं. लग्नात पाहिला होता त्याच्याहून उंच दिसे. जोगी गेला, यानं काही सोडलं नाई. मी सडा टाकला का याच आंगणात आसनं करे, अन् हळूहळू आवारातले हमाल येऊ लागले, वाकलेले, कण्हणारे — सगळे रांगेनं पालथे पडत, सगळ्याइचा श्वास एका वक्ताले वर जाये, एका वक्ताले खाली ये, चुलीपाशी ऐकू ये मले. त्या सकाळी — जाऊ द्या. चांगल्या होत्या, एवढंच.

मंग काय झालं? आवारातल्या अडत्यानं पाहिलं, दुसरं काय होईन. नाव नाई घेत त्याचं, त्याची माणसं आहे अजून आवारात. त्यानं पाहिलं का याच्या आंगणातले हमाल कण्हत नाई, घरी बसत नाई. माणसानं खुश व्हावं नं? झाला नं खुश — अन् दोघाइनं उचलाची गाठ एकाच्या पाठीवर देल्ली. पाठ मजबूत आहे, म्हणे, चालन. अन् यानं काय म्हणावं? नाई म्हणावं नं? अडत्यानं याच्या डोक्याले पागोटं बांधलं, म्हणे तू आता गाठ नको उचलू, तू पाठी पाहा. झालं. दारावर उभं राहाचं, एकेकाच्या कण्यावरून बोट फिरवाचं मानेपासून माकडहाडापर्यंत, अन् सांगाचं — हा चालन, हा नाई चालन. बैलबाजारात पाहते नं, तसं. ज्याले नाई म्हटलं त्याच्या घरची चूल बंद, अन् ज्याले हो म्हटलं त्याच्यावर दोघाइचं ओझं. जोग्यानं दुखणं जावं म्हणून देल्लं होतं, वजन वाढावं म्हणून नाई — मी म्हटलं त्याले, तोंडावर म्हटलं. मले म्हणे, तू भाकरी थाप. पहिले मी त्याले 'ते' म्हणो भाऊ. तेव्हापासून तो.

आतमधी? माहा भाऊ आहे, भगवंत. धाकटा. खोकला आहे त्याले. तोही त्याच आवारात होता. त्याच्या डाव्या पायाले मुंग्या येऊ लागल्या, पाय टेकला तं खालची जमीन समजे नाई. त्यानं दारावर याले सांगतलं, दाजी, आजच्या दिवस सोडा मले. अडत्या बाजूलेच उभा होता, गाड्या निघाच्या होत्या, त्याचा जीव वरखाली होऊन राहिला होता. यानं बोट फिरवलं भगवंताच्या पाठीवरून — अन् एका जागी थांबलं ते बोट. भगवंत आजबी सांगते, थांबलं होतं. म्हणजे याले समजलं होतं नं. अन् तरी म्हणे, चालन. मंग गाडीच्या फळीवर चढता चढता पाय निसटला, हा खाली अन् गाठ वरून. कमरेखालचं काहीच राहिलं नाई त्याचं.

नाई, लगेच नाई पळाला तो. हंगामभर बसला भगवंतापाशी, तेल लावे, शेक दे, पाय वाकवे, सरके करे, पाठीवर तीच जागा दाबून पाहे. भगवंत त्याले शिवी नाई देये, काही नाई, नुसता पाहत राहे. ते नाई सोसलं त्याले. तिकडची लढाई सरली, भाव पडला, अडत्याले दुसरा माणूस भेटला, अन् हा अकोल्याले गेला. तठी काय करते? तेच करते. आवाराच्या दारावर उभा राहते, महाराज होऊन.

तुमी म्हणान ही बाई जळून राहिली. जळते मी. पण आसनं नाई सोडली. चुलीपासून पाहून पाहून आली मले. सोडून कसं चालन — भगवंताले न्हाऊ घालाचं, उन्हात आणाचं, कुशीवर कराचं, कमरेवर अजून दणकट गडी आहे तो; माही पाठ गेली तं त्याले कोण उचलन? म्हणून दार लावून साप करते, मांजर करते, पालथी पडून टोळावाणी पाय उचलते. अन् दुखत नाई माही पाठ, कधीच नाई दुखली. ज्याचं तोंड पाहू वाटत नाई, त्याची विद्या माह्या हाडात जाऊन बसली. अन् कधी छाती वर घेते नं, श्वास भरून येते, तेव्हा वाटते बाहेर आंगणात सगळे आहे, अन् ते रांगेतून फिरून राहिले, हळूच म्हणून राहिले, सोड आता, खाली ये — हे मी तुमाले काहून सांगून राहिली. पाणी घ्या नं, तसंच ठेवलं तुमी.

काय म्हणता? मी शिकवू? कोणाले शिकवलं नाई मी आजवर. पण पडा पालथे त्या घोंगडीवर, पाहू द्या. मी हात नाई लावत, तुमीच बोट ठेवा, कुठी दुखते. हं. पाय समजते नं टेकला का? समजते. मंग गेलं नाई अजून, बरं होईन हे. रोज आले अन् काही उचललं नाई तं होळीपर्यंत मोकळे व्हान. पण पहिले एक सांगा — बरं झाल्यावर काय करान? हिवरखेडले जाता येईन नं, कोणाच्या वावरात, कोणाच्या मळ्यात? नाई? मंग कुठी?

आवारात.

व्हय. आताबी दोघाइची गाठ एकावरच देते, माहीत आहे मले. लेकरं आहे घरी, तेही समजते. मी तुमाले काही म्हणून नाई राहिली भाऊ. पण उठा. माह्याकडून नाई होणार — पाठ सरकी करून मी कोणाले त्या दारावर नाई पाठवणार. उठा. तसे नका उठू, झटका बसते — कुशीवर वळा पहिले, गुडघे जवळ घ्या, हात टेका, मान सगळ्यात शेवटी. हं.

जा आता.